मंदीतील घरविक्री आणि वास्तव किमतीचा प्रश्न : मुंबईचा ऐतिहासिक अनुभव (१८६५ ते २०२१)

सारांश

घरांच्या बाजारात तेजी असताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत बरोबर होती की नव्हती, हा प्रश्न फारसा उपस्थित होत नाही. वाढत्या भावात चूक झाकली जाते. मंदीच्या काळात मात्र हाच प्रश्न घर विकले जाणे वा वर्षानुवर्षे पडून राहणे ठरवितो. प्रस्तुत शोधनिबंधात मुंबई शहराने अनुभवलेल्या तीन मंदींचा (१८६५ नंतरची, १९९५ नंतरची आणि साधारणपणे २०१३ ते २०२० या काळातील) आढावा घेऊन घराची वास्तव किंमत ठरविण्यात विक्रेत्याला कोणत्या अडचणी आल्या, याचा शोध घेतला आहे. विक्रेत्याचा जुन्या भावाविषयीचा आग्रह हे एक कारण आहेच. परंतु खऱ्या व्यवहारांच्या माहितीचा अभाव आणि कमी किमतीकडे संशयाने पाहणारा कायदा ही कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : घरबाजार, मंदी, वास्तव किंमत, रेडी रेकनर, मुद्रांक शुल्क, मुंबई.

प्रस्तावना

सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने घर ही आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी असते आणि घर विकण्याचा प्रसंग बहुधा एखाद्या गरजेतून येतो. मुलांचे शिक्षण, आजारपण, निवृत्तीनंतर गावी परतणे, वडिलोपार्जित मालमत्तेची भावंडांत वाटणी किंवा मोठ्या घरासाठी भांडवल उभे करणे, अशी ही कारणे असतात. अशा विक्रीत किंमत ठरविताना तीन वेगवेगळ्या आकड्यांची गल्लत होते. पहिला आकडा विक्रेत्याच्या मनातील, म्हणजे बाजार तेजीत असताना शेजारच्या घराला मिळालेला भाव. दुसरा पडेल भाव, म्हणजे अडलेल्या माणसाला हाती येईल तेवढ्यावर समाधान मानावे लागते तो. तिसरा आकडा वास्तव किमतीचा. आजच्या बाजारात, पुरेशी पण मर्यादित वाट पाहिल्यानंतर, ऐपतदार गिऱ्हाईक जी किंमत खरोखर मोजेल ती. मंदीच्या काळात विक्रेता पहिल्या आकड्याला चिकटून राहतो आणि अखेरीस अनेकदा दुसऱ्यावर येऊन थांबतो. तिसरा आकडा त्याच्या हाती का लागत नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

अभ्यासाची पद्धत ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे. १८६५ च्या घडामोडींसाठी दिनशा वाच्छा यांचा १९१० मधील ग्रंथ आणि जनगणनेचे आकडे, तर नंतरच्या काळासाठी कायद्यातील तरतुदी, न्यायनिर्णय व अर्थशास्त्रीय अभ्यास यांचा आधार घेतला आहे.

१८६५ : उसळीनंतरचे शहर

अमेरिकेत १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. ती तूट भरून काढण्यासाठी पश्चिम भारतातील कापसाला मागणी आली. युद्धाच्या काळात मुंबईला नेहमीच्या किमतीपेक्षा सुमारे ८१ दशलक्ष पौंडांची जादा प्राप्ती झाली, असा त्या काळचा अंदाज होता. हा पैसा बँका, वित्तसंस्था आणि विशेषतः समुद्र हटवून जमीन निर्माण करण्याच्या योजनांकडे वळला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या असल्याची नोंद आढळते. बॅक बे रिक्लेमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा भाग ५०,००० रुपयांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याचे केंद्रस्थान होते. याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेतील भूखंडांची विक्री होऊ लागली.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या जमिनींपैकी पुष्कळशी जमीन अद्याप समुद्राखाली होती. तिची किंमत उपयोगावरून किंवा भाड्यावरून ठरलेली नव्हती. उद्या कोणीतरी अधिक देईल या अपेक्षेवरून ठरली होती. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण गेले, त्याची बातमी आल्यावर कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे व्यवहार पुरे करण्याचा दिवस उजाडला तेव्हा देणी चुकविणे असंख्य व्यापाऱ्यांना अशक्य झाले. जुनी बँक ऑफ बॉम्बेही या धक्क्यातून सावरली नाही व १८६८ मध्ये तिच्या जागी त्याच नावाची नवी बँक उभी करावी लागली.

या पडझडीचा परिणाम केवळ भागबाजारापुरता राहिला नाही. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ होती. १८७२ च्या जनगणनेत ती ६,४४,४०५ भरली. म्हणजे आठ वर्षांत शहरातील राहणारी माणसेच पावणेदोन लाखांच्या आसपास कमी झाली. तेजीमुळे कामधंद्यासाठी आलेले लोक परतले आणि ज्या मागणीवर घरांचे व जमिनीचे भाव उभे होते ती मागणीच ओसरली. अशा वेळी जुना भाव हा केवळ महाग नव्हता. तो देणारा समाजच शहरात उरला नव्हता.

मग नवी किंमत कोणी ठरविली? ती बहुतांशी मालकांनी स्वेच्छेने ठरविलेली नव्हती. दिवाळखोरांच्या मालमत्तेचे विश्वस्त, बुडालेल्या कंपन्यांचे लिक्विडेटर आणि सरकार यांनी ती ठरविली. एल्फिन्स्टन कंपनीची गोदीलगतची मालमत्ता अखेर सरकारने घेतली व १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टकडे ती गेली. बॅक बेच्या भरावाचा जो भाग प्रत्यक्षात आला तो कुलाब्याकडे जाणाऱ्या रेल्वेच्या उपयोगी पडला. ज्या मालमत्तेला सट्ट्यात अवास्तव किंमत आली होती, तिला स्थिर किंमत मिळाली ती तिचा प्रत्यक्ष उपयोग सुरू झाल्यावर. वास्तव किमतीचा पाया उपयोगात असतो, ही गोष्ट १८६५ च्या अनुभवातून प्रथम स्पष्ट होते.

घरमालकीचे बदललेले स्वरूप

१८६५ मधील मंदी ही मुख्यतः व्यापारी व भांडवलदार वर्गाची होती. सामान्य मुंबईकर चाळीत भाड्याने राहत असे व त्याच्याकडे विकण्यासारखे घर नव्हते. १९१८ मध्ये भाडेनियंत्रणास आरंभ झाला आणि १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीशी बांधले. परिणामी भाड्यासाठी इमारती बांधण्यातील लाभ संपत गेला व पागडीची प्रथा रुजली. पागडीच्या व्यवहारात मोठी रक्कम हातोहात दिली जाई, परंतु तिची कागदोपत्री नोंद नसे. घराची खरी किंमत आणि कागदावरची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही सवय शहराला येथून लागली असे म्हणता येईल.

१९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा यांनंतर मध्यमवर्गीय कुटुंबे मोठ्या संख्येने सदनिकांची मालक झाली. १९७७ मध्ये एचडीएफसीची स्थापना झाल्यावर गृहकर्जाचा मार्ग खुला झाला. त्यामुळे पुढील मंदीचा फटका बसणारा विक्रेता बदलला. आता तो सट्टेबाज नव्हता. तो सोसायटीतील दोन खोल्यांचा मालक होता.

१९९५ नंतरची मंदी : माहितीचा अभाव

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्यांकडून कार्यालये व निवासस्थाने यांना मागणी आली, भागबाजारातील नफा मालमत्तेकडे वळला आणि १९९५ च्या सुमारास मुंबईतील भाव शिखरावर पोहोचले. नरिमन पॉइंट येथील कार्यालयीन जागेची गणना त्या वेळी जगातील सर्वांत महागड्या जागांमध्ये होत असे. त्यानंतर पैशाची टंचाई निर्माण झाली, व्याजदर चढे राहिले, उपनगरांत व नवी मुंबईत नवीन बांधकाम वाढले आणि भाव मोठ्या प्रमाणावर घसरले. १९९५ ची पातळी पुन्हा गाठण्यास अनेक भागांत जवळजवळ दशकभर वाट पाहावी लागली.

या काळातील विक्रेत्यापुढील मुख्य अडचण अशी की, बाजार किती उतरला आहे हे त्याला विश्वासार्ह रीतीने कळण्याची सोय नव्हती. राष्ट्रीय आवास बँकेचा ‘रेसिडेक्स’ हा निर्देशांक २००७ मध्ये सुरू झाला. रिझर्व्ह बँकेचे मुंबईच्या घरकिमतींचे निर्देशांकही त्यानंतरचेच. नोंदणी कार्यालयातील दस्तऐवज सार्वजनिक असले तरी सामान्य माणसाला ते सहज पाहता येत नव्हते. त्यातच व्यवहाराचा काही भाग रोखीने होत असल्याने दस्तातील आकडा हा खरा आकडा असेलच असे नव्हते. अशा व्यवहारात भाव उतरला तर प्रथम रोखीचा भाग घटे आणि कागदावरील किंमत तशीच राही. म्हणजे घसरण झाली तरी ती नोंदीत दिसत नसे. विक्रेत्याला दलालाच्या तोंडच्या माहितीवर विसंबावे लागे आणि ती माहिती बहुधा शिखरावरील सौद्यांचीच असे. झालेल्या मोठ्या सौद्याची चर्चा होते. न झालेल्या सौद्याची कोणी दखल घेत नाही.

या मंदीतून बाजार बाहेर आला तो भाव वाढल्याने नव्हे, तर घेणाऱ्याची ऐपत वाढल्याने. नव्वदीच्या दशकाच्या मध्यास गृहकर्जाचा दर पंधरा टक्क्यांच्या आसपास होता. २००३-०४ पर्यंत तो सुमारे आठ टक्क्यांवर आला. गृहकर्जाच्या व्याजावरील प्राप्तिकर वजावटीची मर्यादाही टप्प्याटप्प्याने वाढवून २००१ च्या अर्थसंकल्पात दीड लाख रुपये करण्यात आली. याचा अर्थ असा की, मंदीतील विक्रेत्याने आपली किंमत ठरविताना स्वतःच्या खर्चाकडे नव्हे, तर गिऱ्हाइकाला कर्जाचा किती हप्ता झेपेल याकडे पाहणे आवश्यक होते.

जुन्या भावाचा आग्रह : बॉस्टनचा तुलनात्मक पुरावा

मुंबईच्या या काळातील विक्रेत्यांच्या वर्तनाचा सांख्यिकीय अभ्यास करण्याजोगी सामग्री उपलब्ध नसल्याने, नोंदी अधिक नेटक्या असलेल्या एका समकालीन शहराशी तुलना करणे उपयुक्त ठरते. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९८० च्या दशकात सदनिकांचे भाव अतिशय वाढले व १९८९ नंतरच्या चार वर्षांत ते चाळीस टक्क्यांहून अधिक उतरले. डेव्हिड जेनेसोव्ह व क्रिस्टोफर मेयर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० ते १९९७ या काळातील तेथील विक्रीच्या नोंदी तपासून २००१ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले.

ज्यांना खरेदी किमतीपेक्षा कमी भावाने विकावे लागणार होते, त्या मालकांनी अपेक्षित विक्री किंमत व मूळ खरेदी किंमत यांतील फरकाच्या २५ ते ३५ टक्क्यांइतकी किंमत वाढवून सांगितली, असे त्यांना आढळले. प्रत्यक्षात त्यांच्या पदरात पडला तो या फरकाचा ३ ते १८ टक्के भाग. आणि त्यांची घरे विकली जाण्याचा वेगही मंद राहिला. ही प्रवृत्ती गुंतवणूकदारांपेक्षा स्वतः घरात राहणाऱ्या मालकांत अधिक होती. उदाहरणादाखल पन्नास लाखांना घेतलेल्या व आज चाळीस लाख येऊ शकणाऱ्या घराचा विचार केला, तर असा मालक इतरांपेक्षा अडीच ते साडेतीन लाख अधिक मागतो, तीस हजार ते एक लाख ऐंशी हजार अधिक मिळवितो आणि त्यासाठी अधिक काळ खोळंबतो.

या खोळंब्याची किंमत क्वचितच मोजली जाते. एक कोटीची अपेक्षा धरून तीन वर्षे थांबलेल्या विक्रेत्याला अखेर एक कोटी मिळाले, तर ७ टक्के व्याजदराने त्या रकमेचे आजचे मूल्य सुमारे ८१ लाख ६० हजार रुपये होते. घर रिकामे असेल तर सोसायटीची देखभाल वर्गणी व मालमत्ता कर त्यातूनही वजा होतात. म्हणजे आज ९० लाखांना विकणारा हा तीन वर्षांनी कोटी घेणाऱ्यापेक्षा फायद्यात असतो. तो स्वतः त्या घरात राहत असेल किंवा त्याला भाडे मिळत असेल, तर हिशेब बदलतो; पण हिशेब मांडावा लागतो, एवढे मात्र खरे.

कमी किमतीविषयी कायद्याचा संशय

विक्रेत्याने आग्रह सोडून वास्तव किंमत स्वीकारावी, असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु भारतात अशी किंमत दस्तात लिहिणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्यापुढे आणखी एक अडथळा होता. काळ्या पैशाला आळा घालण्याच्या रास्त हेतूने कायद्याने कमी किमतीला करचुकवेगिरीचे लक्षण मानले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ५२(२) नुसार बाजारमूल्य जाहीर केलेल्या किमतीपेक्षा त्या किमतीच्या १५ टक्के वा अधिक रकमेने जास्त असल्यास अशा विक्रीवर बाजारमूल्याप्रमाणे कर आकारता येत असे. १९८१ मध्ये के. पी. वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, प्रत्यक्ष मिळालेली रक्कम दडविल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी प्राप्तिकर विभागावर आहे, असा निर्णय दिला.

पुढे १९८६ मध्ये त्याच कायद्यात प्रकरण वीस-क समाविष्ट झाले आणि ठरावीक रकमेवरील मालमत्ता दस्तातील किमतीलाच स्वतः खरेदी करण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १९९२ मध्ये सी. बी. गौतम खटल्यात घटनापीठाने संबंधितांना बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक ठरविले. पैशाची तातडीची गरज किंवा मालकीविषयीचा वाद अशा प्रामाणिक कारणांनीही मालमत्ता कमी किमतीला विकली जाऊ शकते, हे न्यायालयाने या निर्णयात स्पष्टपणे मान्य केले. मंदीतील विक्रेत्याच्या परिस्थितीची एवढ्या उच्च स्तरावर घेतली गेलेली ही महत्त्वाची दखल होय.

हे प्रकरण २००२ मध्ये निष्प्रभ झाले, परंतु त्याच वर्षीच्या वित्त अधिनियमाने कलम ५०-क आणले. मुद्रांक शुल्कासाठी धरलेले मूल्य दस्तातील किमतीपेक्षा जास्त असल्यास तेच विक्रीमूल्य समजून भांडवली नफा काढला जाऊ लागला. महाराष्ट्रात हे मूल्य १९९५ च्या नियमांनुसार तयार होणाऱ्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यावरून, म्हणजे बोलीभाषेतील रेडी रेकनरवरून ठरते. तेजीत हा तक्ता बाजाराच्या मागे राहतो. मंदीत मात्र तो बाजाराच्या पुढे उरतो. २०१३ च्या वित्त अधिनियमाने खरेदीदारालाही या फरकावर कर लागू केला. मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठविण्याची मागणी करण्याची तरतूद होती. तथापि लहान विक्रेत्याला त्या प्रक्रियेचा खर्च व विलंब परवडणारा नव्हता. ज्या विक्रेत्याने बाजार ओळखून भाव उतरविला, त्यालाच न मिळालेल्या रकमेवर कर भरण्याची भीती बाळगावी लागली.

२०१३ ते २०२१ : किमतीऐवजी खर्चाला कात्री

तिसऱ्या मंदीचे स्वरूप वेगळे होते. अधिकृत निर्देशांकांत मोठी घसरण दिसली नाही. वाढीचा वेग मंदावला, विक्री रोडावली आणि न विकलेली घरे साचली. नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीने रोखीचा व्यवहार आक्रसला, मे २०१७ मध्ये महारेराचे कामकाज सुरू झाले आणि २०१८ मध्ये आयएल अँड एफएसच्या संकटामुळे विकासकांचा वित्तपुरवठा आटला. विकासकांनी जाहीर दर कायम ठेवून मुद्रांक शुल्क स्वतः भरणे, हप्ते पुढे ढकलणे अशा सवलती देऊ केल्या. यामुळे जुने घर विकणाऱ्या मालकाची अधिकच दिशाभूल झाली. शेजारच्या नव्या इमारतीचा जाहीर दर पाहून तो आपली किंमत ठरवी. पण त्या दरातून किती सूट वजा होते हे त्याला दिसत नसे.

याच काळात दोन अनुकूल बदलही झाले. कमी किमतीकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी काहीशी सैल झाली. दस्तातील किंमत व मुद्रांक मूल्य यांतील ५ टक्क्यांपर्यंतचा फरक २०१८ च्या आणि १० टक्क्यांपर्यंतचा फरक २०२० च्या वित्त अधिनियमाने ग्राह्य धरला गेला. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईच्या दर तक्त्यात सरासरी ०.६ टक्क्यांची का होईना, घट करण्यात आली. दुसरे म्हणजे नोंदणी विभागाच्या संगणकीकरणामुळे दस्ताची सूची क्रमांक दोन, म्हणजे ‘इंडेक्स टू’, संकेतस्थळावर पाहता येऊ लागली. आपल्याच इमारतीतील सदनिका कोणत्या महिन्यात, किती क्षेत्रफळाची व किती रकमेला विकली गेली, हे विक्रेत्याला दलालाशिवाय कळू लागले. १९९५ च्या विक्रेत्याला नेमकी हीच माहिती मिळत नव्हती.

करोना साथीच्या काळात राज्य शासनाने मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळासाठी २ टक्के व पुढील तीन महिन्यांसाठी ३ टक्के केले. डिसेंबर २०२० मध्ये शहरात १९ हजारांहून अधिक दस्तांची नोंदणी झाली. त्या वेळी व्याजदरही उतरले होते आणि मुदतीमुळे पुढचे काही व्यवहार अलीकडे ओढले गेले, हे मान्य करूनही एक गोष्ट दिसून येते. खरेदीदाराच्या एकूण खर्चात तीन टक्क्यांची घट झाली तेव्हा थांबलेला बाजार हलला. मागणी नाहीशी झालेली नव्हती; सांगितलेली किंमत आणि परवडणारी किंमत यांत अंतर पडले होते.

निष्कर्ष

१. तिन्ही मंदींत भाव उतरण्यापूर्वी व्यवहार थांबले. व्यवहार थांबणे हीच भाव उतरल्याची पहिली सूचना असते. परंतु विक्रेता तिचा अर्थ ‘योग्य गिऱ्हाईक अजून आलेले नाही’ असा लावतो.

२. मालकाने वास्तव किंमत वेळेवर स्वीकारली नाही तर ती दुसरे कोणीतरी ठरविते. १८६५ नंतर ते काम लिक्विडेटरने व सरकारने केले. पुढील काळात कर्ज थकलेल्या घरांच्या बाबतीत ते बँकेच्या लिलावाकडे गेले. स्वेच्छेने उतरविलेला भाव आणि अडचणीत सापडून घ्यावा लागलेला पडेल भाव यांत पुष्कळ अंतर असते.

३. वास्तव किंमत काढण्यासाठी मूळ खरेदी किंमत निरुपयोगी असते. अलीकडील नोंदणीकृत सौदे, चटई क्षेत्राप्रमाणे केलेली तुलना, गिऱ्हाइकाची कर्जक्षमता आणि थांबण्याचा खर्च हे तिचे खरे आधार होत. घासाघिशीसाठी ठेवलेली वाढ माफक असावी. अन्यथा घर पाहण्यासच कोणी येत नाही.

४. वास्तव किंमत हा केवळ विक्रेत्याच्या शहाणपणाचा प्रश्न नाही. ज्या कायद्याला खाली आलेला भाव ओळखता येत नाही, तो प्रामाणिक विक्रेत्याला एक तर घर न विकता बसवितो किंवा खोट्या नोंदीकडे ढकलतो. दर तक्ता चढतो तसा उतरलाही पाहिजे, हे तत्त्व करआकारणीइतकेच न्यायाचेही आहे.

मुंबईच्या दीडशे वर्षांच्या अनुभवात घरांचे भाव अनेकदा चढले व उतरले. खऱ्या सौद्यांची माहिती सामान्य मालकाच्या हाती पोहोचण्यास मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. या माहितीचा उपयोग करून घराची किंमत ठरविणारा मालक तोट्यात जातोच असे नाही. ज्या गरजेसाठी त्याने घर विकावयास काढले, ती गरज वेळेवर भागते; आणि सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने घरविक्रीचा मूळ हेतू तोच असतो.